कोरड्या मुलखातले गलबत

पाथर्डीला समुद्र नाही, हे सांगायला भूगोलाचे पुस्तक उघडावे लागत नाही. नगरहून (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तरी एस. टी.च्या रांगेत अजून ‘नगर’च ऐकू येते) निघालेली गाडी करंजीचा घाट ओलांडते, तिसगाव मागे पडते आणि गर्भगिरीचे उघडे डोंगर सोबतीला येतात. मढीचे कानिफनाथ, घाटशिरसजवळचे वृद्धेश्वर, मोहट्याची देवी, बीडच्या सीमेवरचा भगवानगड. देव या तालुक्यात भरपूर आहेत, फक्त पाऊस तेवढा मोजून मापून येतो.

अशा गावी मी शिडाच्या होडीची विद्या घेऊन गेलो, हे ऐकून घरच्या मंडळींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी अजून विसरलेलो नाही.

त्याचे असे झाले. मुंबईतल्या एका स्नेह्याने जुनी शिडाची होडी घेतली. किनारा सोडून आठ-आठ दिवस भटकायचे त्याच्या मनात होते. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेव्हापासून हे वेड त्याच्या डोक्यात होते. पण होडीतली वीज म्हणजे नुसता गोंधळ! बॅटरी थकलेली, तारा खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या, आणि डोलकाठीवरचा एकटा दिवाच पंचवीस वॉट खाणारा. दोन पावसाळे आम्ही दोघे त्या होडीशी झटलो, आणि त्यातून मी एकच गोष्ट शिकलो. होडीची वीज म्हणजे मध्यमवर्गीय घराचा जमाखर्च. आधी खर्च कमी करायचा, मग मिळकत मोजायची आणि अडीअडचणीला गाठीशी काही ठेवायचे.

पाथर्डी तालुक्यातल्या एका वाडीवर आमच्या ओळखीचे एक कुटुंब आहे. नवरा-बायको दोघे मिळून ‘एक कोयता’. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सोडायचे आणि अक्षय्यतृतीयेच्या आगेमागे परतायचे. आपण पणत्या लावत असतो, तेव्हा या वाड्यांवर घरे कुलुपात जात असतात. पूर्वी बैलगाड्यांची रांगच्या रांग निघे. आता माणसे, बैल, चूल, कोंबड्या असे सारे ट्रकमध्ये चढते. कारखान्याच्या तळावर पाचट आणि चटयांची कोपी उभी राहते, तीच सहा महिन्यांचे घर. विजेचा खांब नजरेसमोर, पण वीज नाही. गलबताहून यात निराळे ते काय?

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. बाई म्हणाल्या, “भाऊ, तुमी होडीत दिवा लावला म्हनं. आमच्या कोपीत लागंल का?”

मग मागच्या हंगामाची हकिकत निघाली. थोरली मुलगी आठवीत, म्हणून तिला आजीपाशी ठेवली होती. मोटारीची जुनी बॅटरी विकत घेऊन यांनी कोपीत दिवा आणि मोबाइलची सोय केली होती. पौषात ती बॅटरी मेली आणि फोन बंद पडला. इकडे मुलीला ताप भरला, आजी तिला घेऊन तालुक्याच्या गावी गेली, चार दिवस दवाखान्यात ठेवावे लागले. आईला हे कळले ते पाचव्या दिवशी, दुसऱ्या टोळीतल्या माणसाकडून!

“पोरगी बरी झाली हो,” बाई म्हणाल्या, “पन ती चार दिवस माझ्या नावानं फोन लावीत व्हती.”

बॅटरी का मेली, ते मला ठाऊक होते. शिशाच्या बॅटरीतला निम्मा साठा वापरायचा आणि निम्मा राखायचा, नाहीतर ती लवकर खंगते. ही तर रोज रात्री तळापर्यंत खरवडली जात होती. शिवाय मोटारीची बॅटरी असते इंजिनाला क्षणभर जोराचा धक्का द्यायला. रात्रभर दिवा जाळणे हे तिचे कामच नव्हे.

मी वही काढून जमाखर्च मांडला. पाच वॉटचा एलईडी दिवा चार तास, म्हणजे वीस वॉट-तास. दोन मोबाइल भरायला चाळीस. टायरगाडीच्या मागे लावायचा लाल दिवा, त्याचे दहा. एकूण सत्तर. लिथियम-लोह-फॉस्फेटची १२.८ व्होल्टची, वीस अँपिअर-तासांची बॅटरी घेतली, तर तिच्यात २५६ वॉट-तास मावतात आणि त्यातले दोनशे बिनघोर वापरता येतात. म्हणजे ऊन पडले नाही तरी जवळजवळ तीन दिवस निभावतील. पन्नास वॉटची सोलरची प्लेट हिवाळी उन्हात, सारी तूट धरून, दिवसाला एकशे चाळीस वॉट-तास सहज देईल. मिळकत खर्चाच्या दुप्पट! आमच्या घरात हे कधी जमले नाही.

“प्लेट गाडीच्या टपावर बसवू,” मी ऐटीत म्हणालो.

गाडीवान हसू लागला. “आन् दोन टन ऊस चढल्यावर तुमची काच कुठं जाईल? शिवाय गाडी कारखान्याची. बैलं तेवढी आमची.”

माझी सागरी विद्या तिथेच आपटली! शेवटी ठरले ते असे : प्लेट तळावर कोपीशेजारी बांबूच्या चौकटीवर, दक्षिणेकडे तोंड करून, हिवाळ्यात जरा जास्त कलती. गाडीचा लाल दिवा सुटा; दिवसा कोपीत भरायचा, पहाटे गाडीमागे अडकवायचा. समुद्रात रात्री मागच्या जहाजाला दिसेल असा दिवा होडीच्या पाठीशी असतोच. अंधाऱ्या रस्त्यावर उसाच्या गाडीमागून भरधाव ट्रक येतो, त्यालाही तो दिसायला हवा.

तारेच्या बाबतीत मात्र मी हट्ट सोडला नाही. प्लेटपासून बॅटरीपर्यंत दहा मीटर अंतर. पाऊण मिलिमीटरची स्वस्त तार घेतली, तर तीन अँपिअरला दीड व्होल्ट वाटेतच गळतात. अडीच मिलिमीटरच्या तांब्यात अर्धाही गळत नाही. बारातले दीड म्हणजे पगारातून दलालाने आठवा हिस्सा कापण्यासारखे. हे मात्र गाडीवानाला लगेच पटले. उचलीचा हिशेब त्याने जन्मभर केला होता. फ्यूज बॅटरीच्या अगदी तोंडाशी लावला. होडीत भय पाण्याचे. पाचटाच्या कोपीत भय ठिणगीचे. कंट्रोलरवर बॅटरीची जात ‘लिथियम’ ठेवली आणि ते बटण कोणी दाबू नये म्हणून वर चिकटपट्टी लावली.

अखेरची दुरुस्ती बाईंनी केली. “बॅटरी उतराया लागली तर आदी दिवा बंद करायचा. फोनाचं ऱ्हाऊ द्यायचं.” मी गाडीच्या दिव्याला पहिला मान दिला होता. दोघांचा थोडा वाद झाला आणि कोपीतला दिवा मुकाट्याने तिसऱ्या क्रमांकावर गेला.

माघात मी त्यांच्या तळावर जाऊन आलो. संध्याकाळ होती. कारखाना लखलखत होता. त्यांनी तोडलेल्या उसाच्या चिपाडांवर तिथे वीज तयार होते आणि ग्रिडला विकलीही जाते. भिंतीच्या अलीकडे कोप्यांची रांग अंधारात. त्या अंधारात एक दिवा, आणि त्याखाली शेजारच्या कोप्यांतली चार पोरे पाटी घेऊन बसलेली. बाई दररोज सकाळी प्लेटवरची कारखान्याची राख ओल्या फडक्याने पुसत होत्या.

“शेजारचेबी फोन लावत्यात भरायला,” त्या जरा अपराधी स्वरात म्हणाल्या. “तुमच्या वहीत ते न्हवतं.”

नव्हतेच. मी वही काढून नवा हिशेब मांडू लागलो, तेवढ्यात फोन वाजला. बाईंनी पदराला हात पुसले आणि तो उचलला.

“हां, बोल गं,” त्या म्हणाल्या, आणि कोपीच्या बाहेर जाऊन पाथर्डीच्या दिशेला तोंड करून बोलत उभ्या राहिल्या.