दारू सोडायला कारण चांगलंच हवं का?

बेन किंग्जले म्हटलं की आपल्याला १९८२ चा 'गांधी' आठवतो. २००७ च्या 'यू किल मी' या इंग्रजी सिनेमात तोच नट सुपारी घेऊन खून करणारा फ्रँक झाला आहे. अमेरिकेतल्या बफेलो शहरात त्याच्या पोलिश नातेवाइकांची टोळी आहे आणि माणसं उडवण्याचं काम फ्रँककडे आहे. सुरुवातीलाच तो घरासमोरचा बर्फ उपसताना दिसतो. व्होडकाची बाटली पुढे बर्फात टाकायची, फावड्याने तिथवर वाट करत जायचं, घोट घ्यायचा आणि बाटली पुन्हा पुढे टाकायची. व्यसनी माणसाचा अख्खा दिवस कशाभोवती फिरतो हे पेशंटच्या घरच्यांना समजावताना माझी पंधरा मिनिटं जातात. इथे ते अर्ध्या मिनिटात कळतं.

पुढे एका मोठ्या कामगिरीवर फ्रँक दारूमुळे झोपी जातो आणि सावज निसटतं. घरचे त्याला दारू सोडायला सॅन फ्रान्सिस्कोला पाठवतात. तिथे तो अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या, सभांना जाऊ लागतो. त्याला दारू का सोडायची आहे? खून नीट करता यावेत म्हणून! आधीच्या कामांबद्दल त्याला वाईट वाटतं ते माणसं मारल्याचं नाही, नशेत काम वाईट केल्याचं. सिनेमा काळ्या विनोदाचा आहे, त्यामुळे आपण हसतो. मला मात्र हसता हसता माझी ओपीडी आठवली.

"डॉक्टर, हा मनापासून सोडत नाहीये. नोकरी जाईल म्हणून आलाय." हे वाक्य मी बायकांकडून, आयांकडून नेहमी ऐकतो. कुणाला मालकाने गाडीवरून उतरवलेलं असतं, कुणाचं लग्न ठरायचं असतं, कुणाला फक्त बायकोची कटकट थांबवायची असते. घरच्यांना हवा असतो पश्चात्ताप. त्यांनी वर्षानुवर्षं सोसलेलं असतं, त्यामुळे त्यांची अपेक्षा चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण उपचार सुरू करण्यासाठी पश्चात्तापाची वाट पाहत बसू नका. १९३५ साली एए सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक जण सर्जन होता, आणि एएच्या सभासदत्वाला आजही एकच अट आहे: दारू थांबवण्याची इच्छा. ती का झाली, हे कुणी विचारत नाही. नशेतल्या मेंदूकडून उदात्त विचारांची अपेक्षा कशी करायची? काही महिने कोरडे गेले की झोप सुधारते, विचार सुधारतो आणि अनेकदा कारणही बदलतं. नाही बदललं, तरी यकृताला त्याने काही फरक पडत नाही.

फ्रँकचा स्पॉन्सर टॉम गोल्डन गेट पुलावर टोल घेतो. आपला पेशा काय हे फ्रँक सांगतो, तरी टॉम त्याला टाकत नाही. घरच्यांना हे जमणं अवघड असतं, म्हणूनच बाहेरचा माणूस लागतो.

एका गोष्टीत मात्र सिनेमावर अजिबात विसंबू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली, तर पहिल्या दिवसातच हात थरथरणं, घाम, उलट्या, बेचैनी सुरू होऊ शकते. साधारण पहिल्या दोन दिवसांत फिट येण्याचा धोका असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही, ताप चढतो. यात जीव जाऊ शकतो. त्यामुळे "खोलीत कोंडून ठेवा, आपोआप उतरेल" हा सल्ला धोक्याचा आहे. डॉक्टर काही दिवस शांत करणारी औषधं देऊन ती हळूहळू कमी करतात आणि बी-१ जीवनसत्त्व देतात. पूर्वी कधी फिट आली असेल तर दवाखान्यात भरती होऊनच दारू थांबवावी. कुठे जावं हे सुचत नसेल, तर १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे.

हा सिनेमा पेशंटला दाखवावा का? नुकतीच सोडलेली असेल तर सध्या नको. पडद्यावर बाटल्या फार दिसतात, आणि बाटली नुसती दिसली तरी तलफ येऊ शकते. घरच्यांनी मात्र जरूर पाहावा.