गाडीचे पाणी सकाळी पाहा

आपल्या वस्त्यांमध्ये आता चारचाकी दिसू लागली आहे. जालना जिल्ह्यात अंबड, बदनापूर, परतूर, मंठा, कुठेही जा, विहाराच्या बाजूला एखादी जुनी जीप, व्हॅन किंवा मोसंबीचे क्रेट वाहणारा छोटा टेम्पो उभा असतो. बहुतेक गाड्या सेकंडहँड, आणि बहुतेकांवर हप्ता चालू. अशी गाडी बंद पडली की घरातली चूल अडते, मुलांची फी अडते. म्हणून कुटुंबाच्या या पानावर गाडीच्या पाण्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले. मी पंचवीस वर्षे जालन्यात ड्रायव्हरकी करतो आहे. माझ्या डोळ्यांदेखत जी इंजिने बाद झाली, त्यांतली बरीचशी पाण्याकडे दुर्लक्ष झाल्यानेच गेली.

इंजिनात इंधन जळते, त्या उष्णतेतला थोडाच भाग चाकापर्यंत पोचतो. उरलेली उष्णता बाहेर काढावी लागते. पंप इंजिनाभोवती पाणी फिरवतो, तापलेले पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येते, पंखा व समोरचा वारा त्याला थंड करतो आणि तेच पाणी परत इंजिनाकडे जाते. आपल्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यांत राबणाऱ्या बांधवांना हे लगेच कळेल. विजेच्या भट्टीभोवती तांब्याच्या पोकळ नळ्या असतात व त्यांतून सतत पाणी फिरते. ते थांबले तर भट्टी बंद करावी लागते. तिथे त्या पाण्यावर लक्ष ठेवायला माणूस असतो. आपल्या गाडीच्या पाण्यावर माणूस आपणच.

आता पाणी कोणते घालावे? आपला जिल्हा दुष्काळाचा. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांनी पाहिला, २०१२-१३ चा आपण सर्वांनी. प्यायला टँकरची वाट पाहणारा माणूस रेडिएटरमध्ये हाताला येईल ते बोअरचे पाणी ओततो, यात नवल नाही. परंतु बोअरचे पाणी बहुधा जड असते. पाणी तापवण्याच्या भांड्याला आतून जसा पांढरा थर धरतो, तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. मग नळी अरुंद होते, उष्णता बाहेर पडत नाही आणि एप्रिल-मेच्या उन्हात घाट लागला की काटा चढू लागतो. बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट हेच गाडीचे खरे पाणी. “आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?” असे पुष्कळ जण म्हणतात. परंतु कूलंट गंज धरू देत नाही आणि पाण्याचा उकळबिंदूही वर नेतो. काही कूलंट तयार मिळते, काहीत डिस्टिल्ड वॉटर मिसळावे लागते. डब्यावरचे वाचून भरावे आणि दोन वेगवेगळ्या जातींचे कूलंट एकत्र करू नये.

पाण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. माझे वडील ट्रकवर क्लीनर होते. त्या काळी गाडी गरम झाली की डबा घेऊन जवळच्या गावात पाणी मागायला जावे लागे. विहिरीवर पहिला प्रश्न गाडीचा नसे, कोणत्या समाजाचे, हा असे. मग वरून कोणी तरी डब्यात पाणी ओतायचे. वडील म्हणत, तेच पाणी रेडिएटरला चालायचे, डबा धरणारा हात मात्र विहिरीला चालत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर कशासाठी गेले, हे मला पुस्तकाआधी वडिलांच्या त्या डब्याने शिकवले. म्हणून निघण्यापूर्वी पाणी पाहून घेणे ही त्यांच्यासाठी निव्वळ गाडीची काळजी नव्हती. वाटेत कोणापुढे डबा धरावा लागू नये, हा त्यात स्वाभिमान होता.

घरातल्या सर्वांनी ध्यानात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे, गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. झाकणामुळे आतले पाणी दाबाखाली असते आणि शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. झाकण फिरवताच दाब सुटतो आणि ते पाणी वाफेसह तोंडावर उसळते. आमच्या वस्तीतला एक विशीतला पोरगा असाच भाजला. डोळे वाचले, पण छातीवरचे डाग जन्माचे. काटा लालकडे गेला तर गाडी कडेला घ्यावी, एसी आणि इंजिन बंद करावे, वाफ येत नसेल तर बॉनेट उघडावे आणि निदान अर्धा तास थांबावे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये, लोखंडाला तडा जातो. सर्व थंड झाल्यावर निकडीला साधे पाणी चालेल, पण घरी आल्यावर ते काढून योग्य ते भरावे. “गॅरेज दहाच किलोमीटरवर आहे” म्हणून तशीच हाकली, तर हेड गॅस्केट जाते, इंजिन जाम होते आणि कित्येक महिन्यांचे हप्ते एका दिवसात जातात.

आयाबहिणींसाठी आणखी एक सूचना. कूलंट चवीला गोड आणि पोटात गेल्यास विषारी असते. ते पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत भरून घरात ठेवू नये. सांडले तर लगेच धुवून काढावे, लेकरे आणि कुत्री-मांजरे तोंड लावतात.

बाकीची तपासणी पाच मिनिटांची. सकाळी गाडी थंड आणि सपाट जागी असताना बाजूच्या टाकीतील कूलंट दोन खुणांच्या मध्ये आहे का पाहावे. ऑइलची पट्टी पुसून पुन्हा घालून बघावी. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले असे समजून गाडी सुरूच करू नये. ब्रेक ऑइल कमी झाले असेल तर एक तर ब्रेक झिजले आहेत किंवा कुठे गळते आहे, नुसते वर भरून निघू नये. ब्रेकच्या डब्यात इंजिन ऑइल कदापि घालू नये, रबर फुगून ब्रेक निकामी होतात. पट्टा सैल किंवा चिरलेला नसावा. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यावर उडणारा कापूस रेडिएटरच्या जाळीत बसतो, तो हलक्या पाण्याने काढावा.

दसऱ्याला अनेक जण गाडीला हार घालतात, नारळ फोडतात, बंपरला लिंबू-मिरची बांधतात. आपल्यासाठी तो दिवस अशोक विजयादशमीचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि आपल्याला २२ प्रतिज्ञा दिल्या. त्या दिवशी आपल्या गाड्या दीक्षाभूमीकडे निघतात. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग खुला झाल्यापासून जालन्याहून साडेतीनशेहून जास्त किलोमीटर एका दमात जाता येते. परंतु जुनी गाडी भरगच्च माणसांसह तासन्तास पळवली, तर तिची उणीव त्या सरळ रस्त्यावरच उघडी पडते. लिंबाला पाण्याची पातळी कळत नाही. प्रत्येक गोष्टीला कारण असते, हे भगवान बुद्धांनी शिकवले. इंजिन तापले तर त्याचेही कारण असते, आणि ते आदल्या सकाळी दिसू शकते. त्यालाच अप्रमाद म्हणतात, सावध राहणे.

ही विद्या ड्रायव्हरपुरती ठेवू नका. माझ्या घरी दर रविवारी ऑइलची पट्टी बारावीतली मुलगी काढते. विहारात रविवारच्या वंदनेनंतर एखाद्या जाणत्या बांधवाने बॉनेट उघडून पोरापोरींना दाखवावे. अर्धा तास पुरे. त्यातून एखाद्या घराची गाडी वाचेल, एखाद्याचे तोंड भाजायचे वाचेल.

जय भीम.