भगरीचं पीठ

आमच्याकडं पंगतीत जेवून कुणाला उलट्या झाल्या की म्हणतात, अन्न बाधलं. कशानं बाधलं, आणखी कुणाला बाधलं, हे विचारायचं नाही. विचारलं तर पंगत घालणाऱ्याची अब्रू जाते आणि विचारणारा गावात वाईट होतो. मीठ-मोहऱ्या उतरून टाकायच्या, फारच झालं तर तालुक्याला जाऊन सलाइन लावून यायचं.

पण एका महाशिवरात्रीला संध्याकाळपर्यंत तीस-पस्तीस माणसं आडवी झाली. देवळात फराळ होता. भगरीच्या पिठाच्या भाकरी, शेंगदाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी. दोन-तीन तासांत चक्कर, उलट्या, हातापायांची थरथर. स्वयंपाक माझ्या धाकट्या चुलतीचा. काका गेल्यापासून लग्नाकार्यात भाकरी थापूनच तिनं दोन पोरं शाळेत घातलेली. रात्री दहाच्या आत गावानं निकाल दिला, "देवाच्या कामाला विधवा बाई लावलीच कशाला?"

उपकेंद्राच्या सिस्टर आल्या तेव्हा देवळाच्या पायरीवर म्हातारी मंडळी बसलेली. "सिस्टर, गावातलं गावात मिटवू. वर कळवलं की पोलीस येतील, पेपरात नाव येईल."

"एका ठिकाणी जेवून दोघांना सारखा त्रास झाला तरी ती साथ धरतात, बाबा. हे तर पस्तीस हायेत."

त्यांनी तिथूनच प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन लावला. २००४ पासून साथरोग सर्वेक्षणाचा कार्यक्रम आहे. उपकेंद्रातून तेव्हा दर आठवड्याला ताप, जुलाब, कावीळ असल्या रुग्णांचा आकडा वर जायचा. पण साथ दिसली तर आठवडा भरायची वाट बघत नसत. एरवी आम्हाला तो कागद म्हणजे सरकारी रिकामटेकडेपणा वाटायचा.

सकाळी त्या वही घेऊन घरोघर फिरल्या. काय खाल्लं, किती वाजता, उलटी कधी झाली. काकी दाराआड उभी. "बाई, माझं नाव नका लिहू."

"नाव नको मला, काकी. पीठ कुठलं ते सांगा. उरलंय का?"

शिजवलेलं सगळं रात्रीच उकिरड्यावर गेलं होतं. घाबरलेलं गाव पहिलं काम तेच करतं. पीठ मात्र डब्याच्या तळाशी उरलेलं. किराणा दुकानातून सुटं आणलेलं.

वही भरत गेली तसं दिसायला लागलं. नुसती खिचडी खाल्लेली पोरं अंगणात खेळत होती. भाकरी खाल्लेली माणसं अंथरुणात. तरी गाव मानेना. मग मळ्यातल्या वस्तीवरचं एक घर निघालं. ती माणसं देवळाकडं फिरकलीच नव्हती, पण पीठ त्याच दुकानाचं आणि त्रासही तोच. तालुक्यातल्या खाजगी डॉक्टरानं त्यांना सलाइन लावून घरी पाठवलं होतं, कुणाला कळवलं नव्हतं. त्यानं एक फोन केला असता तर काकीची ती रात्र टळली असती, असं मला अजून वाटतं.

भगर दमट जागी पडून राहिली की बुरशी धरते, आणि दळलेलं पीठ तर अजून लवकर. त्या बुरशीचं विष भाकरी भाजून जात नाही. पिठाला बघून काही कळत नाही, म्हणून तर दरवर्षी उपासाच्या दिवसांत कुठल्या ना कुठल्या गावात हे घडतं. सुटी भगर, तयार पीठ घेऊ नका, असं अन्न व औषध प्रशासन त्याच दिवसांत सांगत असतं.

दुपारी प्रशासनाचे साहेब आले, पिठाचा नमुना बांधून, सील करून घेऊन गेले. दुकानातलं पोतंही विकायला बंद केलं. दुकानदार रडकुंडीला आला. त्यानं तरी ते ठोकवाल्याकडूनच घेतलं होतं. तपासणीत काय निघालं ते गावाला कुणी सांगितलं नाही. माणसं मात्र सगळी उठली, तिसऱ्या दिवशी शेतावर गेली.

काकीची माफी कुणी मागितली नाही. चैत्रात एका लग्नाचं बोलावणं आलं तेवढंच. पुढच्या शिवरात्रीला देवळाचे पंच आले तेव्हा तिनं अट घातली, "भगर मी निवडणार, धुऊन वाळवणार, अन् गिरणीत माझ्यासमोर दळायची." पंचांनी माना डोलावल्या. सगळ्या फराळातलं थोडं थोडं तिनं एका डबीत काढून ठेवलं. कुणी हसलं तर म्हणाली, "सिस्टरला लागतं."