घड्याळाखाली

गेल्या श्रावणातल्या एका शनिवारी ताईचा फोन आला. ‘‘पोरीला विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायचंय. म्हटलं, आपणही जाऊ, बाहेरून इमारत तरी बघू. येतोस?’’

विद्यापीठाशी माझा संबंध बाहेरूनच. शाळेत मी चित्रकला शिकवतो, चार कादंबऱ्याही लिहिल्या. पण शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. राजाबाई टॉवर फळ्यावर कितीदा तरी काढला असेल. आत पाऊल टाकायचा धीर मात्र कधी झाला नाही.

भाची ओळखपत्र दाखवून आत गेली. आम्ही दोघे समोरच्या ओव्हल मैदानाच्या कडेला बसलो. माझ्यातला मास्तर लगेच जागा झाला. ताईला म्हटले, ‘‘प्रेमचंद रायचंदांनी ग्रंथालयाला दोन लाख दिले आणि मनोऱ्याला आणखी दोन लाख. मनोऱ्याला आईचे नाव दिले. 1878 साली काम पुरे झाले. उंची 280 फूट.’’ राजाबाईंना म्हणे दिसत नव्हते. सूर्यास्तापूर्वी जेवायचा जैन नेम त्यांना घंटेवरून पाळता यावा, म्हणून हे घड्याळ, अशी आख्यायिकाही सांगून टाकली.

ताईने सगळे ऐकून घेतले. मग वर पाहत एवढेच विचारले, ‘‘आत उजेड चांगला असेल ना रे?’’

मी गप्प झालो. त्या प्रश्नाला मागे फार जुनी वाट होती.

वरळीच्या बीडीडी चाळीत आमची 160 चौरस फुटांची खोली आणि माणसे सात. 1982च्या संपात वडिलांची गिरणीतली नोकरी गेली. पुढे ते पहाटेच्या पाळीला पहारेकरी म्हणून जात. त्यामुळे रात्री साडेनऊला दिवा बंद. मग चाळीतली पोरे पोते आणि वह्या बगलेत मारून ‘अभ्यास गल्ली’ गाठत. झाडे, लांबलचक भिंत, रहदारी कमी आणि डोक्यावर म्युनिसिपालटीचे दिवे. पुस्तके गणेशोत्सव मंडळाच्या पुस्तकपेढीतून मिळत. जूनमध्ये न्यायची, परीक्षा झाली की परत करायची. आधीच्या मुलाने पेन्सिलीने केलेल्या खुणा आम्हाला गाईडासारख्या उपयोगी पडत.

मॅट्रिकनंतर मी शाळेचा नाद सोडला. ताई बारावीला होती. एकदा ती हळूच म्हणाली, ‘‘मलाही गल्लीत घेऊन चल. तू नुसता शेजारी बस. एकटीला आई सोडायची नाही.’’

दोन रात्री मी गेलो. तिसऱ्या दिवशी मित्र हसले : ‘‘काय रे, बहिणीचा पहारेकरी!’’ मी ताईला सांगितले, मला झोप येते. ती काही बोलली नाही. इंग्रजीत चार गुणांनी राहिली आणि त्याच वैशाखात तिचे लग्न झाले. त्या चार गुणांचा हिशेब आमच्या घरात कुणी कधी काढला नाही. मी मात्र मनात कितीदा तरी मांडला.

भाची ग्रंथालयशास्त्र शिकते. ती सांगते, रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, हे त्यातले एक. सूत्र मोठे आहे, आणि विद्यापीठाची ग्रंथालये त्यासाठीच उभी आहेत. पण पुस्तक हाती आले तरी ते उघडायला जागा लागते, उजेड लागतो, आणि एखादीला तर कुणीतरी नुसते शेजारी बसावे लागते. हे शेवटचे काम कुठल्याही ग्रंथपालाच्या हातचे नाही. ते घराने, चाळीने, मंडळाने करायचे. भावाने करायचे.

पाचाचे ठोके पडले. तेवढ्यात ताईच्या फोनवर लेकीचा निरोप आला : ‘अजून थोडा वेळ लागेल. तुम्ही दोघं पुढे व्हा.’

ताई माझ्याकडे पाहू लागली. ‘‘तुला जायचं असेल तर जा हो. मी बसते.’’

‘‘नाही,’’ मी म्हटले, ‘‘बसू की.’’

कोपऱ्यावरच्या माणसाकडून मी दोन कप चहा आणला. पावसाची एक हलकी सर आली आणि गेली. घड्याळाने सव्वापाच वाजवले, मग साडेपाच. ताईला जुने काही आठवत होते की नाही, कोण जाणे. ती लेकीची पिशवी मांडीवर धरून दाराकडे पाहत होती. आणि मी नुसता तिच्या शेजारी बसलो होतो.