कुलपं तीन, किल्ली कुणाकडे?

नवा लॅपटॉप आला की आपण पहिल्या दिवशी काय करतो? वॉलपेपर बदलतो, ब्राउझर टाकतो आणि विंडोजला एक पासवर्ड देतो. झालं, लॅपटॉप सुरक्षित! माझ्या एका मित्राचाही हाच समज होता. गाडीची काच फोडून कुणीतरी त्याचा जुना लॅपटॉप पळवला, तर म्हणतो कसा, "जाऊ दे रे, पासवर्ड होता."

आता त्याला काय सांगणार? डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर ती काढून दुसऱ्या मशीनला जोडायची, की सगळ्या फायली समोर. विंडोजला विचारतंय कोण? आणि फायली तरी कसल्या, तर पॅन, आधार, सॅलरी स्लिप, गृहकर्जाची कागदपत्रं..

म्हणून मागच्या शनिवारी माझा लॅपटॉप घेऊन बसलो आणि बायॉसमध्ये शिरलो. तिथे कुलपं तीन प्रकारची असतात बरं का.

पहिलं पॉवर-ऑन पासवर्ड. विंडोज लोड व्हायच्या आधीच मशीन अडवतं. दुसरं सुपरवायझर पासवर्ड. हे बायॉसची सेटिंग्ज राखतं, म्हणजे कुणी परस्पर पेनड्राइव्हवरून बूट करायची सोय करून ठेवू नये. पण ही दोन्ही कुलपं मदरबोर्डवर. डिस्क बाहेर काढली की त्यांचा संबंध संपला.

तिसरं खरं जालीम, हार्ड डिस्क पासवर्ड. हा डिस्कमध्येच राहतो. डिस्क कुठल्याही मशीनला लावा, पासवर्ड मिळेपर्यंत ती काही वाचू देत नाही. तरी यातही एक मेख आहे. साध्या डिस्कवर हे नुसतं कुलूप असतं, आतला डेटा एन्क्रिप्ट होत नाही. स्वतःच एन्क्रिप्शन करणाऱ्या एसएसडी असतात, पण २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा काही नामांकित एसएसडींमधल्या त्रुटी दाखवल्या. पासवर्डशिवायही डेटा वाचता येत होता! म्हणून जोडीला बिटलॉकर, फाइलव्हॉल्ट किंवा लिनक्सवर लक्स हवंच. आणि सगळ्यात आधी बॅकअप.

हे सगळं उत्साहाने बायकोला सांगत होतो. तिने शांतपणे विचारलं, "आणि उद्या तुला काही झालं तर?"

खरंच की. हार्ड डिस्क पासवर्ड विसरला तर सर्व्हिस सेंटरवालाही डिस्क बदला म्हणतो, डेटा परत देत नाही. चोर आणि घरची माणसं यांतला फरक डिस्कला कुठला कळायला? लेकीचे पहिल्या दिवसापासूनचे फोटो, विम्याचे कागद, सगळं तिथेच अडकणार.

मग तिघांचे पासवर्ड आणि बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहिली. पाकीट बंद करून बँकेच्या लॉकरमध्ये, दागिन्यांशेजारी. बॅकअपची डिस्कही एन्क्रिप्ट केली, तिचा पासवर्ड त्याच पाकिटात. लॉकर दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे प्रश्न मिटला.

तुम्हीही या वीकेंडला कुलपं लावा, जरूर लावा. फक्त त्याआधी घरात एक प्रश्न विचारून घ्या: माझ्याशिवाय हे कोण उघडणार? उत्तर मिळालं की मगच एंटर दाबा.