पाहून शिकायचा खेळ

१९९०च्या दशकात भंडारा, तुमसर, साकोली यांसारख्या गावांत वाढलेल्या मुलांना व्हिडिओ गेम या नावाने जे यंत्र परिचित झाले, ते बहुधा जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये बाजारात आणलेल्या फॅमिकॉमची स्वस्त नक्कल असे. लिटल मास्टरसारख्या नावांनी विकला जाणारा हा डबा टीव्हीला जोडला जाई, त्याच्या वरच्या खाचेत कॅसेट बसवली जाई, जिच्यात फीत नसून खेळ साठवलेली चिप असे, आणि रिमोट म्हटल्या जाणाऱ्या, तारेने जोडलेल्या दोन नियंत्रकांवर दोघांना खेळता येई. हे यंत्र प्रत्येक घराला परवडणारे नव्हते. म्हणून वेळेच्या हिशेबाने पैसे घेऊन खेळू देणारी लहान दुकाने निघाली, आणि विदर्भाच्या उन्हामुळे जूनच्या अखेरीपर्यंत लांबणाऱ्या सुट्टीत, दुपारी मैदाने ओस पडली की मुलांची पावले तिकडे वळत. तेथे खेळणाऱ्यांपेक्षा पाहणारेच जास्त असत, आणि या खेळातील कसब प्रामुख्याने घडले ते त्या पाहणाऱ्यांच्या गर्दीत.

याचे कारण खेळाच्या रचनेत आहे. १९८५चा सुपर मारिओ ब्रदर्स हा अवघ्या ४० किलोबाइटांत बसवलेला खेळ. जागेची इतकी टंचाई की आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांसाठी एकच आकृती रंग बदलून वापरलेली आहे. त्याच्या आठ जगांतील प्रत्येकी चार, अशा ३२ स्टेजमध्ये खड्डे, नळ आणि बहुतेक शत्रू दर वेळी ठरलेल्या जागीच भेटतात. त्यामुळे दुसऱ्याचा डाव मन लावून पाहणाऱ्याला, स्वतः रिमोट हाती न घेताही, पुढची वाट पाठ होत जाते. पहिल्या जगाच्या दुसऱ्या स्टेजमध्ये छतावरून चालत गेल्यास थेट पुढच्या जगांत नेणारे नळ सापडतात, तर चौथ्या आणि सातव्या जगाच्या किल्ल्यांत चुकीची वाट धरल्यास तोच रस्ता पुन्हा पुन्हा समोर येतो, आणि असे मर्म एकाने शोधले की मागे उभ्या असलेल्या सर्वांचे होई. हातात धरून खेळायच्या ब्रिक गेममध्ये मात्र, जो १९८४च्या टेट्रिसवर बेतलेला होता, वरून कोणता तुकडा पडेल हे सांगता येत नसल्यामुळे दुसऱ्याचा खेळ पाहून फारसे काही हाती लागत नसे.

पाठांतराने वाट कळते, पण ती पार करायला अंगठा तयार व्हावा लागतो. मारिओला पळवण्यासाठी एक बटण दाबून धरायचे असते आणि त्याच वेळी उडीचे दुसरे बटण वापरायचे असते. म्हणून सरावलेला खेळाडू अंगठ्याचे टोक पहिल्या बटणावर ठेवून त्याच्या मागच्या मांसल भागाने दुसरे दाबतो. बटण जितका वेळ दाबलेले राहते तितकी उडी उंच जाते, त्यामुळे किती दाबावे यापेक्षा केव्हा सोडावे हे कळणे अधिक महत्त्वाचे ठरते.

कोनामी कंपनीच्या कॉन्ट्रा या खेळाने याच्याही पुढचा धडा दिला. दोघांनी मिळून खेळायच्या या खेळाची तिसरी स्टेज धबधब्याची असून तीत पडदा वर सरकत जातो, आणि एक खेळाडू घाईने वर चढला तर खाली राहिलेला पडद्याबाहेर जाऊन मरतो. म्हणजे पुढे जाणाऱ्याला जोडीदाराचा वेग ओळखूनच चढावे लागते. याच खेळात सुरुवातीला वर-वर, खाली-खाली, डावे-उजवे, डावे-उजवे आणि मग दोन बटणे अशा क्रमाने दाबल्यास तीस लाइफ, म्हणजे तीस वेळा मरण्याची मुभा मिळते, आणि हा क्रम छापील मार्गदर्शिकेवाचून तोंडोतोंडी पसरला.

खेळ जतन करण्याची सोय मारिओत आणि कॉन्ट्रात नव्हती. वीज गेली की आठव्या जगात पोचलेल्यालाही पहिल्यापासून सुरुवात करावी लागे, आणि जे शिल्लक राही ते यंत्रात नव्हे, तर खेळणाऱ्याच्या आणि पाहणाऱ्यांच्या स्मरणात. आजच्या मोबाइलवरील खेळ प्रत्येक टप्पा जपून ठेवतात आणि खेळणाऱ्याला स्वतःच शिकवतात, त्यामुळे ते अधिक सोयीचे आहेत यात शंका नाही. त्या दुकानांची व्यवस्था मात्र एका बाबतीत अधिक उदार होती: पैसे रिमोट हाती असलेल्या वेळेचे लागत, पाहण्याचे नाही, म्हणून ज्याच्या खिशात थोड्याच वेळाचे भाडे असे, तो मुलगाही दुपारभर उभे राहून शिके आणि पाळी आली की त्या थोड्या वेळात बरेच पुढे जाई.