मंडई ते मंडई, चुड्यांच्या गाडीतून

दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून माहेरी लाखनीला गेले की माझा मुक्काम घरात कमी आणि गाडीत जास्त असतो. गाडी म्हणजे धाकट्या भावाचा जुना मिनी ट्रक. आम्ही मनियार. दिवाळीनंतर महिना-दीड महिना भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते आणि तेवढे दिवस भाऊ, भावजय आणि अब्बा या ट्रकमध्येच राहतात. मागे ताडपत्रीखाली बांगड्यांच्या पेट्या, पेट्यांवर झोपायच्या फळ्या, कोपऱ्यात गॅसची छोटी शेगडी, पाण्याचा ड्रम, वुजूचा बधना आणि खुंटीला जानमाज. २०२१ मध्ये सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा मी भावाला ती बातमी मोठ्या कौतुकाने वाचून दाखवली होती. तो म्हणाला, "आपा, आपल्याकडे हे अब्बांच्या लग्नाआधीपासून आहे. तेव्हा बैल होते, आता डिझेल आहे."

कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या वाचकांना मंडई म्हटले की भाजीबाजार आठवेल. आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे गावाची जत्रा. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून उभा असतो, हाताशी थोडा पैसा आणि थोडी उसंत असते. प्रत्येक गाव आपला दिवस ठरवते, शेजारच्या गावाची मंडई सांभाळून. लेकी-जावई येतात, पाहुण्यांनी घरे भरतात, सोयरिकीची बोलणी तिथेच होतात. दिवसा दंडार, म्हणजे ताल आणि ढोलकीवरचे आमचे लोकनाट्य, आणि रात्री नाटक. बाई माहेरच्या मंडईला आली की आधी बांगड्या भरते. अब्बा सगळ्यांचे चुडीवाले मामा. मनगट हातात घेतले की नजर खाली ठेवून बांगडी चढवायची, बांगडी फुटली तर पैसे घ्यायचे नाहीत आणि लहान मुलीला एक जोड वरचा द्यायचा, हे त्यांचे नियम आता भावजयही पाळते. बायका तिच्याकडेच जास्त जातात, हे अब्बांना मात्र अजून मान्य नाही.

गेल्या वर्षी माझी मुलगी सोबत होती. चौथीत गेलेली. चौथीच्या पुस्तकात शिवचरित्र आहे. शाळेत अफजलखानाचा धडा झाला त्या दिवशी वर्गातल्या कुणीतरी तिला "तुमचा खान" म्हटले होते. तिने घरी सांगितले नाही. मला ते महिन्याभराने, तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळले. त्यामुळे साकोलीच्या पुढच्या एका गावात रात्री शिवाजी महाराजांवरचे नाटक आहे असा भोंगा फिरला, तेव्हा ती म्हणाली, "मी गाडीतच झोपते."

दुपारी एक उंचापुरा शेतकरी गाडीपाशी आला. "मामा, आज रातच्या नाटकात खान मीच आहो. माहं बोलनं जरा पाहून द्या ना जी."

आमच्या झाडीबोलीत 'ण' नाही, 'ळ' नाही. तिथे घशातला 'ख़' कुठून आणायचा? अब्बांनी त्याला पेटीवर बसवले, चहा दिला आणि तासभर त्याच्याकडून खुदा, खबर, खंजीर घोटून घेतले. त्याचे "खंजीर" दर वेळी खोकल्यासारखे निघायचे. माझी मुलगी फळीवर पालथी पडून ऐकत होती. शेवटी तिलाच राहवेना. "काका, गुळण्या करतो तसं करा," ती म्हणाली. जमले.

मग अब्बांनी आम्हालाही नवीन असलेली गोष्ट सांगितली. तरुणपणी गावच्या मंडळात उर्दू येते म्हणून खानाचे काम त्यांनाच मिळे. पहिल्या वर्षी रात्री पोरांनी त्यांच्या दिशेने ढेकळे फेकली. सकाळी त्याच पोरांच्या आया बांगड्या भरायला आल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

"आणि नाना, तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"ढेकूळ लागलं तिथं वाटलं," अब्बा म्हणाले. थोडा वेळ थांबून त्यांनी तिला विचारले, "महाराजांबरोबर खानाच्या भेटीला गेलेल्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम होता, हे तुला शाळेत कुणी सांगितलं का? त्यांच्या आरमारात दौलतखान होता, ते?" तिने मान हलवली.

झाडीपट्टीचे नाटक पाहिले नसेल तर एकदा नक्की पाहावे. जमीन उतरती खोदतात, त्याच मातीचा रंगमंच होतो आणि खोदलेल्या भागात प्रेक्षक बसतात. समोर ऑर्गन, तबला. पडदा वर जायला रात्रीचे दहा तरी होतात आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. नाटक कंपन्यांचे मोठे ठिकाण म्हणजे वडसा. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. मुलगी माझ्या शालीत शिरून बसली. खानाची स्वारी आली तसा गलका झाला, शिट्ट्या झाल्या. तिने माझा हात घट्ट धरला. पण "खंजीर" स्वच्छ निघाले, तेव्हा सगळ्या मंडपात टाळी वाजवणारी ती एकटीच होती. शेजारची आजी चमकून तिच्याकडे बघत राहिली.

आम्ही फजर पढून चहा ठेवला, तोवर खान अर्धा रंग पुसून हजर. त्याला बायकोसाठी हिरव्या बांगड्या हव्या होत्या आणि माप सांगता येत नव्हते.

आठवड्याने गाडी तुमसरकडे गेली. तिथून आंबागड जवळ. बख्त बुलंद शाह हा देवगडचा गोंड राजा. औरंगजेबाच्या काळात त्याने इस्लाम स्वीकारला आणि पुढे नागपूर वसवले. त्याच्या राजाखान पठाण नावाच्या सुभेदाराने १७०० च्या सुमारास हा डोंगरी किल्ला बांधला. भोसल्यांच्या राज्यात तिथे कैदी ठेवत. आम्ही भंडारेकर मनियार राजाखानाचे कुणी लागत नाही, हे मी मुलीला आधीच सांगून टाकले. नाहीतर उद्या वर्गात नवीनच वंशावळ निघायची.

अब्बांचे गुडघे चढू देत नाहीत. ते खाली गाडीपाशीच थांबले. आम्ही दोघी वर गेलो. झाडीत बुडालेले बुरूज, पडझड, विहीर. मुलीने तटाच्या दगडावर तळहात टेकवला.

"हे आमच्या पुस्तकात आहे?"

"नाही."

"नागपूर कुणी वसवलं, ते?"

"मला तरी आठवत नाही."

"मग मी बाईंना विचारते," ती म्हणाली. मला धाकधूक वाटली. विचार, असे लगेच म्हणवले नाही. अर्धा डोंगर उतरल्यावर म्हणाले.

खाली अब्बांभोवती लाकडाच्या मोळ्या उतरवून चार-पाच बायका बसल्या होत्या. एकीच्या बांगडीवरून घासाघीस चालली होती. भाऊ हॉर्न वाजवत होता. पुढच्या गावची मंडई सकाळी भरायची होती. मगरिबच्या आत पोचलो नाही, तर पिंपळाखालची जागा खेळणीवाला घेणार होता.